साडूंच्या गाडीचे बारा फोटो

साडूंची नवी गाडी पहिल्यांदा दारात येऊन उभी राहिली, तेव्हा फोकसरावांनी तिच्यात खोट शोधण्याचा अगदी मनापासून प्रयत्न केला. पुढून पाहिली, मागून पाहिली, चष्मा कपाळावर चढवून वाकून खालूनही पाहिली. लोकांच्या नाकाडोळ्यांतले दोष कॅमेऱ्यातून हेरण्यात ज्या नजरेचं आयुष्य गेलं, तिलाही काही सापडेना. शेवटी ते म्हणाले, "रंग लवकर मळेल."

"म्हणून तर मोरपंखी घेतला, दादा," साडू आनंदाने म्हणाले. "यावर मळ दिसतच नाही."

त्या क्षणी फोकसरावांच्या पोटात जे दुखायला लागलं, ते पुढे बरेच महिने थांबलं नाही.

फोकसराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि "हलू नका, फोकस जातोय" हे वाक्य त्यांनी तिथल्या स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं. त्यामुळे मोठ्यांनी त्यांचे फोकसराव केले आणि मुलांनी फोकसकाका. फोटोग्राफर म्हणून ते उत्तम होते, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. प्रश्न एवढाच होता की आता फोटोग्राफर लागतो कोणाला? बारशापासून तेराव्यापर्यंत सगळ्यांचे फोटो ज्याचे त्यानेच काढायचे, असं जगाने परस्पर ठरवून टाकलं होतं. स्टुडिओत माणसं यायची ती पासपोर्टच्या फोटोपुरती. आणि पासपोर्टच्या फोटोत कला दाखवायला गेलं, तर पासपोर्ट मिळत नाही.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. उंच, हसरे, आणि पन्नाशी जवळ आली तरी डोक्यावरचा एकही केस जागा सोडून गेलेला नाही. गाणं म्हणायचे तर सुरात. विनोद सांगायचे तर लोक शेवट यायच्या आधीच हसायला लागत. वास्तविक सासरी फोकसराव थोरले जावई. पण थोरल्या जावयाला बसायला खुर्ची मिळायची आणि धाकट्याभोवती सगळं घर गोळा व्हायचं. खुर्चीत बसून ते पाहत राहणं फार अवघड असतं. त्यात हा माणूस वाईट असता तरी एक वेळ चाललं असतं. तो वाईटही नव्हता.

आणि वर तो फोटो काढायचा. फोनवर. ढगांचे, चहाच्या कपाचे, स्वतःच्या बुटांचे.

असो. तर एका सकाळी फोकसरावांना टायर कंपनीतून बोलावणं आलं. तिथल्या जाहिरातसाहेबांनी पूर्वी त्यांच्याकडे पासपोर्टचा फोटो काढला होता आणि त्या फोटोत आपण प्रथमच माणसासारखे दिसलो, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या काचेच्या टेबलावर पेन ठेवायचा डबासुद्धा टायरच्या आकाराचा होता.

"कॅलेंडर करायचंय," साहेब म्हणाले. "बारा महिने, बारा रस्ते. घाट, जंगल, तळं, धरण, काय हवं ते घ्या. प्रत्येक फोटोत एक गाडी. आणि टायर दिसला पाहिजे बरं का! माणसं नकोत, झाडं कमी असली तरी चालतील, पण टायर. टायर हा आमचा हिरो आहे."

"दिसेल," फोकसराव म्हणाले. "टायरवरचं अक्षर न् अक्षर वाचता येईल."

"गाडी तुमचीच न्या. पेट्रोल आम्ही देऊ."

"हो, हो," फोकसराव म्हणाले. त्यांच्याकडे स्कूटर होती.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. गाडी भाड्याने घेऊ, असं त्यांनी ठरवलंच होतं. बायकोने ऐकून घेतलं, गॅस बारीक केला आणि फोन उचलला. फोकसरावांचे हातपाय धुऊन होईपर्यंत इकडे सगळं ठरूनही गेलं.

"भाऊजी रजा टाकतायत," ती म्हणाली. "म्हणाले, दादांबरोबर हिंडायला मिळतंय, अजून काय पाहिजे? गाडी न्यायची, तेच चालवणार. बघा, किती चांगला माणूस!"

"चांगला आहे, ते कोण नाही म्हणतंय," फोकसराव टॉवेलात तोंड खुपसून म्हणाले.

टॉवेलातून तोंड बाहेर काढताना मात्र त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि ते मोरीच्या उंबऱ्यावर बसूनच राहिले. ज्या गाडीत खोट सापडावी म्हणून त्यांनी डोळे फोडले होते, ती गाडी बारा महिने, बारा कोनांतून, हजारो भिंतींवर सुंदर दिसेल याची व्यवस्था आता त्यांनाच करायची होती.

बातमी बिल्डिंगमध्ये पसरली. शेजाऱ्यांचा एक स्वभाव असतो. आपण कामाला निघालो की त्यांना सल्ले आठवतात आणि सहलीला निघालो की कामं आठवतात. फोकसराव दोन्हीला निघाले होते, त्यामुळे त्यांना दोन्ही मिळालं. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी घाटात गाडी कोणत्या गिअरमध्ये उतरवावी यावर जिन्यात उभं राहून व्याख्यान दिलं. त्यांनी जन्मात सायकलीखेरीज काही चालवलेलं नव्हतं. समोरच्या वहिनींनी उलटीच्या गोळ्या आणून दिल्या आणि येताना मध आणायला सांगितला.

"पण गाडी कोणाची?" हेडमास्तरांनी विचारलं.

"साडूंची."

"ती निळी? अरे वा! मग काय, चैन आहे बुवा तुमची."

"मोरपंखी," फोकसराव तुटकपणे म्हणाले, आणि आपणच तिची बाजू घेतोय हे लक्षात येऊन त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

निघायच्या दिवशी साडू उजाडताच हजर. फोकसराव पुढे बसले, ट्रायपॉड डिकीत गेला आणि कॅमेऱ्याची जड बॅग मागच्या सीटवर ठेवली. गाडी सुरू झाली आणि लगेच टुणटुण वाजायला लागली.

"काय झालं?" फोकसरावांनी आशेने विचारलं. बिघाड असेल, असं त्यांना उगीचच वाटलं.

"काही नाही. मागे कोणीतरी बसलंय आणि पट्टा लावलेला नाही, असं तिचं म्हणणं आहे." साडूंनी उतरून बॅगेला व्यवस्थित पट्टा बांधला. टुणटुण थांबली. "फार काळजी करते हो ती सगळ्यांची."

फोकसरावांच्या स्कूटरने आजवर कोणाचीही काळजी केली नव्हती. उलट तिचीच करावी लागायची.

गाडी शहराबाहेर पडली आणि रस्त्याला लागली. आता खरं सांगायचं तर त्या गाडीत बसणं हे एक सुख होतं. खड्डा आला की तो दुसऱ्याच कोणाच्या तरी गाडीखाली आलाय, असं वाटायचं. चढावर ती दमत नव्हती, वळणावर कलंडत नव्हती. आतली बाई "पुढे उजवीकडे वळा" असं सांगायची आणि साडू तिला "हो बाई" म्हणायचे. फोकसरावांना गाडी चालवता येत होती. लायसन्स होतं, त्यावरचा फोटो त्यांनी स्वतः काढलेला होता. साडूंचे हात स्टिअरिंगवर नुसते टेकलेले पाहून त्यांच्या तळव्यांना खाज सुटायला लागली.

"दादा, तुम्ही चालवता का थोडी?" साडूंनी विचारलं.

"छे छे," फोकसराव म्हणाले. "मला रस्ता बघायचाय. कामाच्या दृष्टीने."

आणि पुढचा सगळा रस्ता त्यांनी फक्त स्टिअरिंग बघितलं.

पहिला फोटो घाटातल्या वळणावर. इथे फोकसरावांच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. फोटो काढायला फारसा वेळ लागत नाही, वेळ लागतो तो उजेडाची वाट बघायला. फोकसराव रस्त्याच्या कडेला दवाने भिजलेल्या गवतात पोटावर आडवे झाले, कॅमेरा टायरच्या पातळीला आणला आणि ढग सरकायची वाट बघू लागले. मुंग्या शर्टात शिरल्या. ढग काही सरकेना.

साडूंना ढगाशी काही देणंघेणं नव्हतं. ते दरीच्या कडेला गेले, पाखरांकडे बघून शीळ घातली, पाखरांनीही त्यांना उत्तर दिलं. मग वळणावरच्या चहाच्या टपरीवर गेले. थोड्या वेळात टपरीवाल्या मावशींच्या हसण्याचा आवाज घाटात घुमला. साडू परत आले ते हातात चहाचे दोन ग्लास घेऊन.

"मावशींनी पैसेच घेतले नाहीत," ते म्हणाले. "त्यांच्या मुलीचं विम्याचं काहीतरी अडलं होतं, फोनवर सांगितलं मी कोणाला भेटायचं ते. काय सुंदर जागा आहे, दादा! तिकडे मागे एक धबधबा आहे, बघितलात का?"

फोकसरावांनी टायर बघितला होता. फक्त टायर. आणि एक मुंगी, फार जवळून.

पुढच्या सगळ्या प्रवासात हेच चाललं. जंगलातल्या रस्त्यावर फोकसराव पानांतून ऊन पडायची वाट बघत बसले, तेवढ्यात साडूंना मोर दिसला. उतारावरच्या फोटोसाठी फोकसराव उन्हात ट्रायपॉड सरकवत राहिले, साडू नदीत डुंबून आले. काम फोकसरावांचं होतं, पण सहल साडूंची झाली. शिवाय साडू येता जाता खिशातून फोन काढायचे, हात लांब करून टिचकी मारायचे आणि तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचे. मग ग्रुपवर कौतुकाची रीघ लागायची.

एका दुपारी जेवताना फोकसरावांनी चोरून ग्रुप उघडला. साडूंनी घाटातल्या वळणाचा फोटो टाकला होता. थोडा वाकडाच होता आणि कोपऱ्यात साडूंचं बोटही आलं होतं. त्याखाली सासूबाईंनी लिहिलं होतं, 'धाकट्या जावयांना काय नजर आहे हो फोटोची!'

फोकसरावांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांनीही त्याच वळणाचा, ढग सरकल्यानंतरचा, मुंग्यांनी फोडून काढल्यावर मिळालेला आपला फोटो ग्रुपवर टाकला. बऱ्याच वेळाने त्यावर बायकोचा एक अंगठा आला. त्याखाली मेहुणीने विचारलं, 'हा कॅलेंडरवरून घेतला का?'

"काय झालं, दादा? जेवण तिखट आहे का?" साडूंनी विचारलं.

"डोळ्यांत काहीतरी गेलंय," फोकसराव म्हणाले.

मग आलं धरण. धरणाच्या भिंतीवरून जाणारा सरळसोट रस्ता, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी. फोकसरावांनी कॅलेंडरातला जून महिना या फोटोसाठी राखून ठेवला होता. पण फाटकावरच्या पहारेकऱ्याने गळ्यातला कॅमेरा बघितला आणि हात आडवा केला.

"कॅमेरा चालणार नाही. ऑफिसातून परवानगी आणा."

"आणि फोनवर काढले तर?" साडूंनी सहज विचारलं.

"फोनला काय, काढा की. फोन सगळ्यांकडेच असतो."

ऑफिस टेकडीवर होतं. तिथल्या कारकुनाने फोकसरावांचं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "फोटो व्यावसायिक की कौटुंबिक?"

"व्यावसायिक."

"मग मुख्य कार्यालयाचं पत्र लागेल. पुढच्या महिन्यात मिळेल."

"मग कौटुंबिक समजा," फोकसराव घाईघाईने म्हणाले. खिडकीतून त्यांना पाण्यावरचा उजेड सोनेरी होताना दिसत होता.

"कुटुंब कुठे आहे?"

फोकसरावांनी साडूंकडे बोट दाखवलं. "हे माझे साडू."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "साडू कुटुंबात येतो का हो?" त्याने शेजारच्या टेबलाला विचारलं.

"रेशनकार्डावर एकत्र आहेत का?" शेजारच्या टेबलाने विचारलं.

"नाही."

"मग नाही येत."

"पण बायका सख्ख्या बहिणी आहेत ना," पलीकडच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या. "मग येतो."

"बायका इथे हजर आहेत का? नाहीत. मग मधला दुवाच तुटला की!"

हा वाद चांगलाच रंगला. प्रत्येकाला साडू होता आणि प्रत्येकाचं त्याच्याबद्दल काही ना काही म्हणणं होतं. फोकसराव खुर्चीच्या कडेवर बसून खिडकीतला सोनेरी उजेड तांबडा आणि तांबडा उजेड करडा होताना बघत राहिले. शेवटी साडू हा 'नातेवाईक, इतर' या प्रकारात मोडतो आणि त्यासाठीचे छापील कागद संपलेत, असा निर्णय झाला. आयुष्यात पहिल्यांदाच फोकसरावांना सरकारी कारभार योग्य दिशेने चाललाय असं वाटलं, पण फोटो गेला तो गेलाच.

बाहेर येऊन पाहतात तर साडू कधीच उठून खाली गेलेले. गाडी धरणाच्या भिंतीवर मधोमध उभी. पहारेकरी तिचं दार अदबीने उघडून धरतोय आणि साडू फोनवर टिचक्या मारतायत.

"दादा, काढून ठेवले हो जूनचे!" साडू लांबूनच ओरडले. "टायरसकट!"

जूनच्या फोटोत बोट आलेलं नव्हतं. तो फोटो चांगला होता. खरोखर चांगला होता. फोकसरावांनी तो पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला, आणि त्या रात्री लॉजच्या खोलीत शेजारच्या कॉटवर साडू सुरात घोरत असताना ते छताकडे बघत पडून राहिले. मुंग्या चावल्या त्याचं काही नाही. पण ज्याच्यासाठी आपण सगळा जन्म घालवला, ते या माणसाला खिशातून फोन काढता काढता जमावं?

दुसऱ्या दिवशी राहिला होता फक्त तळ्याचा फोटो. फोकसरावांना गाडी अगदी पाण्याच्या काठाला हवी होती. साडूंनी उतरून जमिनीवर पाय दाबून पाहिला.

"दादा, जमीन मऊ आहे. गाडी रुतेल."

आता हे वाक्य काळजीचं होतं. पण आदल्या दिवसापासून फोकसरावांच्या आत जे खदखदत होतं, त्याला हे एक वाक्य पुरलं.

"जमीन मला कळते," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी बाहेर फोटो काढतोय. किल्ली द्या. मी लावतो."

साडूंनी लगेच किल्ली काढून दिली. तेही फोकसरावांना लागलं. थोडी तरी कुरकुर करायची!

आणि मग फोकसराव गाडीत बसले. काठावर सरळ जायचं सोडून त्यांनी आधी तळ्याला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर गाडी घेतली. 'अंदाज घेतो,' असं त्यांनी ओरडून सांगितलं, पण अंदाजबिंदाज काही नव्हता. खिडकीतून गार वारा येत होता, बाजूला पाणी चमकत होतं, पायाचा अंगठा नुसता टेकवला की गाडी पुढे झेपावत होती. "पुढे डावीकडे वळा," बाई म्हणाली. "हो बाई," फोकसराव म्हणाले. या सगळ्या सफरीत त्यांना पहिल्यांदाच काहीतरी दिसलं. डोंगर दिसले, आभाळ दिसलं, पाण्यावर उतरणारे बगळे दिसले. त्या आनंदातच ते माघारी वळले आणि थाटात पाण्याच्या काठाकडे निघाले.

गाडी रुतली. साधीसुधी नाही, चाकाच्या अर्ध्यापर्यंत रुतली. फोकसरावांनी पाय दाबला तशी ती आणखी खाली बसली. आतली बाईही गप्प झाली.

साडू धावत आले. त्यांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. "दादा, मी ढकलतो. तुम्ही हळूहळू द्या. हळूहळू हं!"

फोकसरावांनी हळूहळूच दिलं होतं, असं ते आजही सांगतात. मागची चाकं गरगर फिरली आणि काळा चिखल कारंज्यासारखा उडाला. आरशात पाहिलं तर साडू दिसेनात. साडूंच्या जागी चिखलाचा एक उंच पुतळा होता, आणि त्याचे ते सुप्रसिद्ध केस डोक्याला चप्प बसले होते.

आता कोणीही भला माणूस उतरून आधी रुमाल देईल. फोकसराव उतरले, पण त्यांनी मागच्या सीटवरच्या बॅगेचा पट्टा सोडला. ढग बाजूला झाले होते, तिरपं ऊन नेमकं साडूंच्या तोंडावर पडलं होतं. हा फोटो ग्रुपवर गेला पाहिजे, सासूबाईंनी बघितला पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. तेवढ्यात साडूंनी एका हाताने गाडीला रेटा देत मान वळवली, कॅमेरा पाहिला, आणि ते खदाखदा हसले. काळ्या चिखलात पांढरेशुभ्र दात.

टिक्.

"ग्रुपवर टाका, दादा, ग्रुपवर टाका!" साडू ओरडले. "आई हसून हसून लोळतील!"

झालं. सगळी मजाच गेली. फोकसरावांनी फोटो ग्रुपवर टाकला नाही. पलीकडच्या शेतातून ट्रॅक्टर आला आणि गाडी ओढून बाहेर निघाली. ट्रॅक्टरवाल्याने अर्थातच साडूंना आंघोळीला आणि चहाला घरी नेलं. फोकसरावांनाही नेलं. "हे यांच्याबरोबर आहेत," असं सांगून.

परतल्यावर फोकसरावांनी सगळं कार्डच्या कार्ड जाहिरातसाहेबांच्या संगणकावर उतरवून दिलं. साहेब एकेक फोटो पुढे सरकवत होते आणि त्यांचा चेहरा उजळत होता. घाटाचा फोटो आला तेव्हा ते पुटपुटले, "वा! वा!" मग त्यांनी चष्मा लावला, पडद्याजवळ गेले आणि त्यांचा चेहरा पडला.

"फोकसराव," ते म्हणाले, "हे टायर कोणाचे?"

"साडूंचे."

"तसं नाही. कंपनी कोणती? वाचा."

फोकसरावांनी वाचलं. वाचायला काहीच अडचण नव्हती. अक्षर न् अक्षर दिसत होतं. दवाचा थेंब होता, गवताची काडी होती, आणि त्यांच्यामधून या कंपनीच्या कट्टर वैऱ्याचं नाव महिन्यामागून महिना लखलखत होतं. नव्या गाडीला येताना कोणते टायर असतात, हे बघायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुमचा फोकस," साहेब थंड आवाजात म्हणाले, "फारच चांगला आहे."

फोकसरावांना वाटलं, जमीन दुभंगावी, किंवा निदान मऊ तरी व्हावी. स्टुडिओच्या पाटीवर 'जाहिरात छायाचित्रकार' असं लिहून घ्यायला पेंटरला सांगून ते आले होते. ते खुर्चीवरून उठले, पण साहेबांचा हात अजून फोटो पुढे सरकवत होता. तो एकदम थांबला.

"हा कोण?"

पडद्यावर साडू होते. चिखलात, दात काढून. चाक पूर्ण लडबडलेलं, टायरवर एक अक्षर दिसत नव्हतं.

साहेबांनी वरच्या साहेबांना बोलावलं. वरच्या साहेबांनी त्यांच्या वरच्यांना. ते सगळे त्या पडद्यापुढे उभे राहून इतके हसले की बाहेरचा शिपाई आत डोकावला आणि तोही हसायला लागला.

पुढे सगळं भराभर झालं. कॅलेंडर त्या वर्षी कंपनीने फुलांचं काढलं. मात्र साडूंचा तो फोटो मोठ्या चौकातल्या होर्डिंगवर लागणार, असं ठरलं. त्यासाठी साडूंची परवानगी हवी होती. फोकसराव भीतभीत त्यांच्याकडे गेले. माणसाची अब्रू अशी तिमजली उंचीवर टांगायची म्हणजे थट्टा नव्हे. तो रागावला तर बरंच होईल, असंही त्यांना आतून वाटत होतं. एकदा तरी रागावलेला बघायला मिळेल.

साडूंनी फोटो बघितला आणि त्यांना मिठी मारली. "दादा, माझा इतका चांगला फोटो आजपर्यंत कोणी काढला नव्हता!"

होर्डिंग लागलं. सगळं घर बघायला गेलं, अर्थात साडूंच्याच गाडीतून. चौकावर साडूंचा चेहरा आभाळाएवढा हसत होता आणि खाली लिहिलं होतं: 'यांनी आमचे टायर घेतले नव्हते.' सिग्नलला थांबलेले लोक माना वर करून हसत होते. खाली फोटोग्राफरचं नाव कुठेही नव्हतं. फोकसरावांनी तीन-तीनदा शोधलं. छापणाऱ्याचं होतं.

गाडीतून उतरताच लोकांनी साडूंना ओळखलं. "अहो, हेच ते! चिखलवाले!" गर्दी झाली. साडू प्रत्येकाला सांगत होते, "फोटो यांनी काढलाय. हे माझे साडू." लोक "हो का?" म्हणत होते आणि पुन्हा साडूंकडे वळत होते. सासूबाई लेकीला म्हणाल्या, "चिखलातसुद्धा किती रुबाबदार दिसतात नाही?"

टाय लावलेल्या एका गृहस्थांनी फोकसरावांच्या हातात आपला फोन दिला. "काका, जरा आमचा दोघांचा काढता? होर्डिंग मागे आलं पाहिजे."

नाही म्हणावं, असं मनात होतं. पण हातात आलेली चौकट वाकडी बघवेना. "असं उन्हाकडे पाठ करून नका उभे राहू," ते म्हणाले. "दोन पावलं इकडे या. हनुवटी खाली. साडूभाऊ, तुम्ही थोडे मागे. हलू नका." ढगाची एक कड उन्हावरून सरकेपर्यंत ते थांबले. मग त्यांनी बटण दाबलं.

गृहस्थांनी फोटो पाहिला आणि त्यांचे डोळे विस्फारले. "काय भारी आलाय! नवीनच घेतलाय फोन. कॅमेरा काय जबरदस्त आहे याचा!"

फोकसरावांना काहीच वाटलं नाही. सवय होती. पण साडूंचा चेहरा मात्र बदलला.

"फोनचा कॅमेरा?" ते म्हणाले. त्यांचा आवाज कोणी असा चढलेला ऐकला नव्हता. "अहो, फोन काय करतो? फोन पोटावर झोपतो का ओल्या गवतात? मुंग्या चावतात का फोनला? हा माणूस एका ढगासाठी अर्धी सकाळ थांबलेला मी बघितलाय! मी तिकडे चहा पीत होतो, आणि हा टायर बघत होता! माझ्याकडेही फोन आहे. कित्येक फोटो काढले मी, त्यात बोट आहे माझं, बोट! एक जूनचा तेवढा चांगला आला, तोही गाडी कशी उभी करायची हे यांचं सकाळपासून बघून! आणि तुम्ही म्हणता फोन चांगला?"

गृहस्थ मागे मागे सरकत होते. गर्दी वाढली. सिग्नल हिरवा होऊनही कोणी हलेना. साडू एका हाताने होर्डिंगकडे आणि दुसऱ्या हाताने फोकसरावांकडे बोट करून बोलत होते. एकही शब्द अडत नव्हता, शिवी एक नव्हती, आणि मधूनच असा काही टोला मारायचे की लोकांना हसू फुटायचं. सासूबाई कमरेवर हात ठेवून "बरोबर बोलले!" म्हणत होत्या, आणि बोलता बोलता त्यांनी पहिल्यांदाच वळून थोरल्या जावयाकडे नीट पाहिलं.

शेवटी गृहस्थ फोकसरावांसमोर आले. "माफ करा काका," ते म्हणाले. "फोटो तुम्ही चांगला काढलात."

"ठीक आहे, ठीक आहे," फोकसराव म्हणाले. ते गाडीला टेकून उभे राहिले. आपल्यासाठी आजवर कोणी रस्त्यात उभं राहून असं भांडलं नव्हतं. छातीत काहीतरी उबदार पसरत होतं. आणि त्या उबेच्या बरोबर मध्यभागी ते जुनं दुखणं पुन्हा हळूच ठणकलं.

"अहो, काय बघताय एवढं?" बायकोने विचारलं.

"भांडतो कसा बघ," फोकसराव साडूंवरून नजर न काढता म्हणाले. "मला मेलं हेसुद्धा इतकं चांगलं येत नाही."